तीन गावांची एक बाग

सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी गेली कित्येक वर्षं सकाळची फिरायला जाते. आमच्या ग्रुपमध्ये सगळे त्याला नुसतं 'जपानी गार्डन' म्हणतात. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांपूर्वीची बाग आहे, तिच्यावरून ते बेतलंय. एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे कधी विचार केला नव्हता, हे खरं.

गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला सहा महिने राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात नातीने मला केली पार्कमधल्या जपानी बागेत नेलं. आत शिरले आणि पाय थबकले. तोच तळ्याचा आकार, पाण्यात तशाच मांडलेल्या शिळा, तसाच छोटा पूल. पाटी वाचली. बाग १९६५ मधली, कोराकुएनवरून घेतलेली, आणि तळ्यातले रंगीत कोइ मासे ओकायामाने भेट पाठवलेले.

तेव्हा घरी येऊन शोधाशोध केली. सॅन होजे आणि ओकायामा ही १९५७ पासूनची भगिनी-शहरं, म्हणजे मैत्रीचा करार केलेली शहरं. सॅन होजे आणि आपलं पुणे १९९२ पासूनची. म्हणजे मी रोज ज्या बागेत चालते, तिची थोरली बहीण पॅसिफिकच्या पलीकडच्या काठावर आहे आणि दोघींची आई ओकायामात. मला फार बरं वाटलं. कुणी म्हणेल यात एवढं काय! पण परक्या गावात सहा महिने राहायला आलेल्या बाईला ओळखीचं अंगण दिसलं की काय होतं, ते तिलाच कळतं.

आता मूळ सांगायचं ते. त्याच मुक्कामात शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीतून ओकायामाची एक मुलगी मुलाच्या घरी पाच दिवस राहिली. तेरा वर्षांची, नातीएवढीच. नाव लिहीत नाही, लहान पोर आहे. आली त्या दिवशी दारात चपला काढून, त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून नीट ठेवल्या आणि दोन्ही हातांनी एक डबा माझ्यापुढे धरला. किबी दांगो. ओकायामाची प्रसिद्ध मिठाई, मऊ, छोट्या लाडवांसारखी. किबी म्हणजे आपल्या वरीसारखं बारीक धान्य. त्यांच्याकडे मोमोतारो नावाच्या, पीचमधून जन्मलेल्या मुलाची गोष्ट आहे. तो हेच लाडू कुत्र्याला, माकडाला आणि फेझंट या रानपक्ष्याला देऊन त्यांना सोबती करून घेतो आणि राक्षसांवर चालून जातो. शिदोरी वाटून मैत्री. मला गोष्ट लगेच पटली.

पहिल्या रात्री तिला काय खायला घालायचं याची सुनेला काळजी. मी म्हटलं, वरणभात कर, वर तूप आणि लिंबू. मुलीने भात संपवला, मग वरणाची वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली आणि सुर्रकन भुरका मारला. नात बघतच राहिली. मी नातीला म्हटलं, अगं, तुझे पणजोबा आमटी अशीच प्यायचे.

तिसऱ्या दिवशी मी तिला मोबाइलमधला पुण्याच्या बागेचा फोटो दाखवला. तिने स्क्रीन जवळ घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोराकुएन?" मी म्हटलं, "नाही गं, पुणे." ती पुन्हा फोटो बघायला लागली. बोटाने तळं मोठं करून पाहिलं, हिरवळ पाहिली. मग हसून म्हणाली, "कोराकुएन." मी वाद घातला नाही.

त्या रात्री मी कोराकुएनबद्दल वाचत बसले, आणि जे वाचलं त्यामुळेच ही पोस्ट लिहितेय. ही बाग ओकायामाच्या इकेदा घराण्यातल्या सरदाराने १७०० साली पूर्ण केली. नावाचा अर्थ 'नंतरच्या सुखाची बाग'. राज्यकर्त्याने दुःख प्रजेच्या आधी सोसावं आणि सुख प्रजेच्या नंतर भोगावं, अशा जुन्या चिनी वचनावरून ते ठेवलेलं. २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी ओकायामावर आगीचे बॉम्ब टाकले. सतराशेहून अधिक माणसं गेली. काळ्या भिंतींचा किल्ला जळाला. बागेतल्या इमारती जळाल्या. जुनी चित्रं आणि नकाशे बघून बाग पुन्हा उभी केली.

आणि १९५७ मध्ये, म्हणजे अवघ्या बारा वर्षांत, याच ओकायामाने अमेरिकेतल्या एका गावाला बहीण म्हटलं.

आता अमेरिकेतली बाजू बघा. १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना घरातून काढून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन. सॅन होजेच्या विद्यापीठात एक इमारत आहे, आज तिला योशिहिरो उचिदा या जूडो प्रशिक्षकांचं नाव आहे. १९४२ मध्ये याच इमारतीतल्या व्यायामशाळेत जपानी कुटुंबांची नोंदणी करून त्यांना छावण्यांकडे पाठवलं गेलं. उचिदा स्वतः अमेरिकन सैन्यात होते आणि त्यांचं कुटुंब छावणीत. सॅन होजेच्याच नॉर्मन मिनेटांना दहाव्या वर्षी गाडीत चढवताना सैनिकांनी त्यांची बेसबॉलची बॅट काढून घेतली. तो मुलगा १९७१ मध्ये त्याच शहराचा महापौर झाला, आणि आज सॅन होजेच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे.

छावणीतून परतलेली माणसं सॅन होजेच्या जपानटाउनमध्ये पुन्हा उभी राहिली. त्यांच्या पहिल्या पिढीला १९५२ पर्यंत अमेरिकन नागरिक होता येत नव्हतं. त्यांना जमीन घ्यायला बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा मतदारांनी रद्द केला तो १९५६ मध्ये. आणि लगेच पुढच्या वर्षी ओकायामाशी मैत्री. मी हे वाचताना त्या म्हाताऱ्यांचा विचार करत होते. एका देशाने त्यांच्या जन्मगावांवर बॉम्ब टाकलेले, तोच देश त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून बसलेला, आणि आता त्याच देशातलं त्यांचं गाव म्हणतंय, चला, जपानमधून पाहुणे येणारेत. ते त्या दिवशी काय बोलले असतील एकमेकांशी? मला राहून राहून हाच प्रश्न पडतो.

आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात, "ही सगळी महापौरांची विमानवारी. पाट्या लावायच्या, फोटो काढायचे." त्यांचा राग मला समजतो. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगते.

अमेरिका-जपानमधली अशी पहिली जोडी अमेरिकेतलं सेंट पॉल आणि जपानमधलं नागासाकी यांची. करार झाला तो ७ डिसेंबर १९५५ ला. अमेरिकेत ७ डिसेंबर म्हणजे पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला तो दिवस. आणि दुसऱ्या बाजूला गाव कुठलं, तर अमेरिकेने अणुबॉम्ब टाकलेलं नागासाकी! दोघांनीही आपापली जखम झाकली नाही, तिच्यावरच बोट ठेवून हात पुढे केला. आज नागासाकीच्या शांतता उद्यानात सेंट पॉलकरांनी दिलेलं शिल्प उभं आहे. १९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 'माणसाने माणसाला भेटावं' हे धोरणच केलं, आणि आता अशा जोड्या चारशेच्या वर आहेत.

सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाकाचं मात्र बिनसलं. युद्धात जपानी सैन्याने ज्या कोरियन, चिनी, फिलिपिनो बायकांवर अनन्वित अत्याचार केले, त्यांच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत २०१७ मध्ये पुतळा उभा राहिला. ओसाकाच्या महापौरांनी २०१८ मध्ये एकसष्ट वर्षांचं नातं पत्र पाठवून तोडलं. माझं मत स्पष्ट आहे: पुतळा योग्य होता, नातं तोडणं चूक. बहिणीने कटू बोललं म्हणून माहेर तोडत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरबाईंनी उत्तर दिलं की दोन शहरांच्या लोकांमधलं नातं एकटा महापौर संपवू शकत नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. सहीने जोडलेलं सहीने तुटतं, पण कुणाच्या घरी जेवलेली माणसं कुठल्या पत्राने परकी करणार?

अजून एक सांगते. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने रिकुझेनताकाता हे जपानी गाव धुऊन नेलं. तिथल्या शाळेची 'कामोमे' नावाची होडी, कामोमे म्हणजे समुद्रपक्षी गल, दोन वर्षं पॅसिफिकमध्ये भरकटत एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीच्या किनाऱ्याला लागली. सगळ्या अंगाला शिंपल्यांचा थर. तिथल्या डेल नॉर्ट हायस्कूलच्या पोरांनी तो खरवडून काढला, होडी स्वच्छ केली आणि आपण होऊन ठरवलं, ज्यांची आहे त्यांना परत द्यायची. त्याच वर्षी दिली. क्रेसेंट सिटीनेही १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपानंतरच्या त्सुनामीत माणसं गमावली होती, त्यामुळे समुद्र काय करतो ते त्या गावाला सांगावं लागत नव्हतं. मग इकडची मुलं तिकडे गेली, तिकडची इकडे आली, आणि २०१८ मध्ये दोन्ही गावं बहिणी झाली. इथे करार सर्वात शेवटी आला. आधी हातात खरवडणी घेतलेली पोरं आली.

म्हणून काका, महापौरांनी जावं की न जावं यावर मी भांडणार नाही. मला एवढंच वाटतं की पोरांनी जायलाच हवं, आणि हॉटेलात नाही, घरी. कुणाच्या तरी आजीच्या हातचं खाऊन, कुणाच्या तरी बाथरूममध्ये गोंधळून, भाषा येत नसताना पाच दिवस काढून यावं. पुण्याचं सॅन होजेशी तीस वर्षांहून जुनं नातं आहे, ओकायामाच्या नावाने आपल्याकडे इतकी देखणी बाग आहे. आपल्या शाळांतली मुलंही दर वर्षी अशी जावीत-यावीत, असं मला मनापासून वाटतं. पैशांची अडचण असेल तर आम्ही फिरायला येणारे आजी-आजोबा वर्गणी काढू. पाहुण्या मुलांना ठेवायला माझी एक खोली रिकामी आहे, हे इथे जाहीर लिहून ठेवते.

शेवटचा दिवस सांगायचा राहिला. ती मुलगी रोज सकाळी नातीबरोबर बाहेर पडताना दारात म्हणायची, "इत्तेकिमासु." नातीने अर्थ शोधून दिला: जाते आणि येते. मी म्हटलं, हे तर आपलंच! आम्हीही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तिला शिकवलं, तिने चार वेळा घोकलं. ओकायामाला परत निघाली त्या सकाळी बॅग गाडीत चढवून झाल्यावर ती पुन्हा दारापर्यंत पळत आली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "आजी, येते."

मी म्हटलं, "ये."