नोंदलेले गुन्हे आणि घडलेले गुन्हे

पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे वाढले म्हणजे कायदा-सुव्यवस्था ढासळली, हा तुमच्या लेखाचा निष्कर्ष मला घाईचा वाटला. २०२० चंच बघा. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) अहवालात त्या वर्षी दखलपात्र गुन्हे २८ टक्क्यांनी वाढलेले दिसतात. पण भारतीय दंडविधानाच्या कलम १८८ चे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे २०१९ मधल्या २९,४६९ वरून थेट ६,१२,१७९ वर गेले होते. ही लॉकडाऊन मोडल्याची प्रकरणं. चोऱ्या, घरफोड्या तर त्या वर्षी घटल्या होत्या!

आणि कमी आकड्यावरही विसंबू नका. बसमध्ये माझ्या आईची पर्स ब्लेडने कापून मोबाइल लांबवला. कापलेली पर्स टेबलावर ठेवली, तरी पोलीस ठाण्यात नोंद झाली ती 'गहाळ' म्हणून. आई आजही ती पर्स टाकून देत नाही. तिच्या लेखी ती चोरीच आहे, पण चोरीच्या तक्त्यात ती कुठेच नाही.

शिवाय एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले, तर एनसीआरबीच्या मोजणीत त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात, हेही लेखात यायला हवं होतं.

इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ साली तपासणी झाली तेव्हा पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते, असं आढळलं. तिथे १९८० च्या दशकापासून लोकांनाच 'तुमच्या बाबतीत काय घडलं' असं विचारणारं सर्वेक्षण होतं, म्हणून पोलिसांचा आकडा पडताळता तरी येतो. आपल्याकडेही असं देशव्यापी सर्वेक्षण दरवर्षी व्हायला हवं. त्यावर एक लेख जरूर लिहा.