एफ/८ वर मौन

माझ्या झूम लेन्सने एके दिवशी असहकार पुकारला. बटण दाबले की खट् असा अर्धवट आवाज होई आणि पडद्यावर सूचना उमटे की कॅमेरा व लेन्स यांच्यातील संपर्क सदोष आहे, कृपया लेन्सचे काँटॅक्ट स्वच्छ करावेत. मी ते सोनेरी ठिपके आधी मऊ फडक्याने पुसले, मग खोडरबराने, आणि शेवटी फुंकर मारून. पण हा अबोला पुसापुशीने मिटणारा नव्हता.

गंमत अशी, की अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे लेन्सचे छिद्र, पूर्ण उघडे ठेवले तर फोटो निघत असे. एफ/८ म्हटले, म्हणजे ते छिद्र जरा मिटायला सांगितले, की लेन्स मौन धारण करी. छिद्र पूर्ण उघडे असले की फोकसच्या मागचे धूसर येते, त्यामुळे मी काढलेल्या कौटुंबिक फोटोंत पहिल्या रांगेतली आत्या लख्ख दिसे आणि मागच्या रांगेतले मामा धुक्यात विरघळत. आपण त्या दिवशी हजर होतो याचा पुरावा तरी दे, असे मामांनी मला दोनदा सुनावले.

अधिकृत सेवाकेंद्राने पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल असे कळवले. त्या खर्चात थोडी भर घातली तर नवी लेन्स येईल, हे तिथल्या मुलीनेच मला अत्यंत सहानुभूतीने सांगितले.

अखेर मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. लक्षणांचे सविस्तर टिपण मी लिहून नेले होते. ते त्यांनी न वाचताच पसरून त्यावर स्क्रू ड्रायव्हर ठेवले. लेन्स कानाशी धरून झूमची रिंग फिरवली आणि विचारले, “पूर्ण उघडी असताना चालते, बंद करताना अडते, असेच ना?” मी मान डोलावली. “फ्लेक्स तुटली,” ते म्हणाले.

अ‍ॅपर्चरची पाती हलवणारी मोटर झूमबरोबर मागेपुढे सरकते, आणि तिला वीज पोहोचवणारी कागदासारखी पातळ फ्लेक्स केबल दर वेळी वाकते. वर्षानुवर्षे वाकून तिच्यातल्या तांब्याच्या रेघांना चीर पडते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असेल तर पात्यांना मुळी हलावेच लागत नाही, म्हणून दोष झाकला जातो. काम न पडेपर्यंत तब्येत उत्तम असणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्यांच्यात एक लेन्सही असेल याची मात्र मला कल्पना नव्हती.

काकांनी माझ्या टिपणाच्या कोऱ्या बाजूवर लेन्सचे वर्तुळ काढले आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी मांडत गेले. माउंटखालच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या कड्याखालच्या, चकत्या इतक्या पातळ होत्या, की “यातली एक जरी हरवली तरी फोकस बिघडेल, शिंकू नका,” असे त्यांनी बजावताच मला शिंक येऊ लागली. ती मी नाक दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत परतवली. तोवर नवी केबल डाखून झाली होती. लेन्स जोडून त्यांनी एफ/२२, म्हणजे अगदी बारीक छिद्र, लावले, मला समोरून काचेत पाहायला सांगितले आणि कॅमेऱ्यावरचे एक बटण दाबले. उन्हात डोळ्याची बाहुली आकसावी तशी पाती मिटली.

पैसे किती, हे मी दोनदा विचारले, कारण पहिल्यांदा तो आकडा निव्वळ केबलचा असावा असे वाटले. निघताना टेबलाच्या कडेला एक इवलासा स्क्रू दिसला. घाबरून मी तो काकांना दाखवला.

“तो तुमच्या लेन्सचा नाही,” ते शांतपणे म्हणाले. “कुणाचा आहे, ते मी चार दिवस शोधतोय.”