‘रटाळ’ व्हर्जिनिया आणि न वाजलेली शिट्टी

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून हे चार ओळींत आटपत नाही.

इतरांना संदर्भ म्हणून: अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने २०१८-१९ च्या हंगामात महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, त्या हंगामावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की हा संघ रटाळ खेळतो, फटका मारायला मिळणाऱ्या तीस सेकंदांतली अठ्ठावीस चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात घालवतो. विजेतेपद पंचांच्या आणि नशिबाच्या कृपेने मिळालं. आणि आदल्या वर्षीच्या नामुष्कीची गोष्ट रंगवून मी त्या विजयाला उगाच हळदीकुंकू वाहिलं. ‘आंधळा भक्त’ हा शेरा वेगळाच.

आधी पंच, कारण तिथे तुमचंच खरं आहे. ऑबर्नविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अगदी शेवटच्या सेकंदांत चेंडू व्हर्जिनियाच्या टाय जेरोमच्या स्वतःच्याच पायाला लागून उडाला, त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा टप्पा सुरू केला. सरळसरळ डबल ड्रिबल, म्हणजे नियमभंग. शिट्टी वाजायला हवी होती, वाजली नाही. वाजली असती तर ऑबर्न दोन गुणांनी पुढे, चेंडूही त्यांच्याकडे, म्हणजे खेळ खलास. त्याऐवजी ०.६ सेकंद उरले असताना कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका मारणाऱ्या व्हर्जिनियाच्या काइल गायवर फाउल झाला, त्याबद्दल मिळालेले तिन्ही फ्री थ्रो त्याने आत टाकले आणि सामना ६३-६२. मी त्या फ्री थ्रोंवर दोन परिच्छेद लिहिले आणि शिट्टीबद्दल अवाक्षर नाही. चूक माझी. (फाउल मात्र शंभर टक्के होता. बचाव करणारा गायच्या अंगावरच गेला होता. शेवटच्या सेकंदाला झाला म्हणून फाउल माफ होत नाही.)

आता ‘रटाळ’. तुम्ही स्वतः जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलात असं लिहिलंय, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. चढाईही तीस सेकंदांचीच असते. पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू रेषेजवळ वेळ काढून मोकळा परततो तेव्हा आपण ‘काय रटाळ’ म्हणत नाही, ‘डोकं लावून खेळला’ म्हणतो. व्हर्जिनिया तेच करत होता. त्या वर्षी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च, पहिल्या विभागात ३५३ संघ होते आणि त्यांत हा सगळ्यांत संथ. पण एका सामन्यात किती गुण यापेक्षा चेंडू हातात आल्यावर दर वेळी किती गुण, हा हिशेब लावला तर आकडेतज्ज्ञ केन पॉमरॉयच्या क्रमवारीत त्यांचं आक्रमण देशात दुसरं होतं. कमी वेळा मारायचं, पण मारलं की आत गेलं पाहिजे. बचावाची ‘पॅक-लाइन’ पद्धत प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या वडिलांची, डिक बेनेट यांची. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगाला एकाने भिडायचं, बाकी चौघांनी बास्केटभोवतीच्या काल्पनिक रेषेच्या आत दाटीवाटीने उभं राहायचं. आत घुसायला फट मिळत नाही. बघायला कंटाळवाणं वाटेल, पण समोरच्या संघाला विचारा.

नशिबाचा तुमचा मुद्दा मात्र मला वेगळ्या बाजूने पटतो. इतकं संथ खेळलात की दोन्ही संघांना संधी कमी मिळतात, कच्चा प्रतिस्पर्धीही शेवटपर्यंत टप्प्यात राहतो आणि मग एका उसळीवर निकाल फिरतो. म्हणजे नशिबाला घरात घेण्याची सोय यांनी स्वतःच केलेली असते. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

पण आदल्या वर्षीच्या हाराकिरीला हे लागू नाही. १७ मार्च २०१८, आपल्याकडची सकाळ, अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाडवा, गॅलरीत गुढीची काठी धुऊन वाळत ठेवलेली आणि मी मोबाइलवर स्कोअर बघतोय. पहिलं मानांकन असलेला, ३१ सामने जिंकलेला व्हर्जिनिया विरुद्ध सोळावं मानांकन असलेला यूएमबीसी (मेरीलँड विद्यापीठाचा बाल्टिमोर काउंटीतला संघ), राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी. १९८५ पासून अशा १३५ लढती झाल्या होत्या आणि पुरुषांच्या स्पर्धेत पहिलं मानांकन एकदाही हरलं नव्हतं. मध्यांतराला २१-२१. मग ज्या बचावाचं मी वर कौतुक केलं त्याने एका अर्ध्यात ५३ गुण दिले. ७४-५४. व्हर्जिनियाचा डिआँड्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता हे खरं, पण वीस गुणांच्या फरकात ना नशीब असतं ना पंच. धुलाई होती ती.

त्यावर मी हळदीकुंकू वाहिलं म्हणता. अहो, मी काय वाहणार? समोर यूएमबीसीचा जल्लोष आणि आपण वाकून उभे, हा स्वतःचा फोटो गायनेच ट्विटरवर लावून ठेवला होता.

आणि नशीबच म्हणायचं तर २०१९ च्याच स्पर्धेतला, ऑबर्नच्या आधीच्या फेरीतला पर्ड्यूविरुद्धचा तो पास पुन्हा बघा. ५.९ सेकंद, व्हर्जिनिया दोनने मागे, जेरोमचा दुसरा फ्री थ्रो हुकला. त्याचा साथीदार मामादी डियाकिटेने चेंडू मागे ढकलला, तो थेट स्वतःच्या अर्ध्या मैदानात गेला. इथपर्यंत नशीब, मान्य. पण पुढे कीहाय क्लार्क, पावणेसहा फुटी, पहिल्याच वर्षाचा पोरगा, चेंडूमागे धावला, वळला. जवळ जेरोम हात वर करून चेंडू मागतोय. कुणीही त्यालाच दिला असता आणि तिथून लांबचा आंधळा फटका गेला असता. क्लार्कने त्याच्यापलीकडे, बास्केटजवळच्या डियाकिटेकडे सरळ लांब पास फेकला. धरला, सोडला, भोंगा वाजला, ७०-७०. जादा वेळेत ८०-७५. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने एकट्याने ४२ गुण केले होते तरी. त्या घाईत जेरोमला न देणं हे नशीब नव्हे, नजर आहे.

अंतिम सामन्यात ‘रटाळ’ संघाने टेक्सस टेकवर ८५ गुण केले, हंटरचे २७, जादा वेळेतले बाराच्या बारा फ्री थ्रो आत. तिथल्या पंचांबद्दल तुम्हीही काही लिहिलं नाहीत.

ता.क. ऑबर्नच्या परिच्छेदात डबल ड्रिबलचं वाक्य आज घातलंय. आणि यूएमबीसीचे तेव्हाचे प्रशिक्षक रायन ओडम २०२५ पासून व्हर्जिनियाचेच प्रशिक्षक आहेत. त्यांचा संघ बघाल तेव्हा ‘रटाळ’ हा शब्द काढायचा की ठेवायचा ते कळवा.