आणल्या दिवशीच खाऊ घालू नका

सापांवरच्या एका लेखात दत्तक आणलेल्या सापाला पहिल्याच दिवशी भरपूर खाऊ घाला म्हटलंय. कृपा करून तसं करू नका.

मी इंग्लंडमध्ये राहते. आमच्याकडे आलेल्या बॉल पायथन (आफ्रिकेतला, अजगराच्या कुळातला छोटा साप) मादीचा कणा कातडीखालून धारेसारखा वर आला होता. जुनी कात तुकड्यातुकड्यांनी चिकटलेली, शेपटीच्या टोकाला तर तिचं कडं आवळून बसलेलं. डोळ्यांवरही कात तशीच. ती चिमट्याने ओढायची नाही, डोळाच जायचा! ओलसर शेवाळाचा डबा आत ठेवला, पेटीतली आर्द्रता वाढवली, तेव्हा पुढच्या खेपेला कात डोळ्यांसकट अखंड निघाली. अजून जपून ठेवलीय.

खाण्याआधी ऊब हवी. पेटीच्या एका बाजूला ३२ अंश, दुसरीकडे २६. अंगात ऊब नसेल तर गिळलेलं पचत नाही, साप ओकतो आणि आणखी खंगतो. आधी तिला नुसतं निवांत राहू दिलं, हातही लावला नाही. सहाव्या आठवड्यात तिने गोठवलेला, मग कोमट केलेला छोटा उंदीर घेतला आणि मला रडूच आलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनो, नाग, धामण, अजगर घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुणी डांबून ठेवलेला दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा.