सॅलडवरील तेल, कच्ची पाने आणि ‘बेचव गवत’

सप्रेम नमस्कार. कच्च्या हिरव्या भाज्यांच्या व्हीगन (दूध-दह्यासह कोणताही प्राणिज पदार्थ नसलेल्या) सॅलडविषयी मी लिहिले होते, त्यावर आपण सडेतोड मत कळवलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की कच्च्या पानांतील पोषक द्रव्ये अंगी लागत नाहीत, आरोग्यासाठी सॅलड खायचे आणि त्यावर तेल घालायचे ही विसंगती आहे, आणि दही किंवा चीज वगळल्यावर ताटात उरते ते ओले, बेचव गवत.

तेलापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या आक्षेपाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. पालक, लेट्यूस यांसारख्या पानांतील कॅरोटिनॉइड द्रव्ये (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) आणि के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळतात. जेवणात स्निग्धांशच नसेल, तर आतडी ती फारशी शोषून घेऊ शकत नाहीत. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात त्याच लोकांना तेच सॅलड कधी तेलाविना, कधी ६ ग्रॅम आणि कधी २८ ग्रॅम तेलासह खायला दिले होते. तेलाविना खाल्ले तेव्हा कॅरोटिनॉइडांचे शोषण नगण्य होते आणि तेलाबरोबर ते वाढत गेले. मी सुचवलेले दोन लहान चमचे तेल म्हणजे साधारण ९ ग्रॅम, त्यामुळे ते कमी करण्याचे मला कारण दिसत नाही. (‘हलके’ म्हणून नुसते लिंबू पिळून पालक खाणाऱ्यांची मला खरोखर कीव येते.)

कच्चे नेहमीच श्रेष्ठ, असा माझा दावा नाही. क जीवनसत्त्व आणि फोलेट उष्णतेने व शिजवण्याच्या पाण्यात कमी होतात, म्हणून तिथे कच्ची भाजी सरस ठरते. कोबी आणि ब्रोकोली चिरताना पेशी फुटून एक विकर (एन्झाइम) मोकळे होते आणि त्यातूनच त्यांचा तो तिखटसर वास व चव तयार होते. शिजवल्यावर हे विकर निकामी होते. उलट पालकातील ऑक्झलेट हे मूतखड्यास हातभार लावणारे द्रव्य उकळून पाणी फेकल्यावर कमी होते, त्यामुळे ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी कच्च्या पालकाऐवजी लेट्यूस आणि कोबी घ्यावा. श्रावणघेवडा तर कच्चा खाऊच नये, कारण त्यातील लेक्टिन हे प्रथिन पोट बिघडवते.

आता ‘ओल्या गवता’विषयी. हा दोष दही नसल्याचा नाही, पाण्याचा आहे. पाने वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडात पूर्ण कोरडी केली नाहीत, तर त्यांवर तेल टिकत नाही आणि सगळी चव भांड्याच्या तळाशी साचते. काकडीला मीठ लावताच तिला पाणी सुटू लागते, म्हणून ती आधी चिरून मीठ लावून चाळणीत निथळत ठेवावी आणि सुटलेले पाणी टाकून द्यावे. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर असतो. लिंबाचा रस त्यावरून थेंबाथेंबाने ओघळतो, तेल मात्र त्यातून आत झिरपते आणि पान काळसर, लुळे पडते.

दाटपणासाठी भाजलेल्या तिळांचे बारीक वाटण पुरेसे आहे. त्यात लिंबाचा रस घातला की ते आधी घट्ट होऊन गोळा बनते आणि बिघडले असे वाटते; तेव्हा हात न थांबवता चमचा-चमचा पाणी घालत घोटावे, म्हणजे त्याचा रंग फिकट होऊन ते सायीसारखे मऊ होते. तिळातच भरपूर तेल असल्याने हे वाटण वापरले, तर वरून वेगळे तेल घालण्याची गरज उरत नाही, आणि आपल्या दुसऱ्या आक्षेपाची धारही त्यामुळे कदाचित कमी होईल. मात्र वाटण घालायचे ते जेवायला बसताना. सॅलड उरणार असेल, तर तेवढी पाने आधीच बाजूला काढून कोरडीच झाकून ठेवावीत.