पंचेचाळीस एचपीची भाऊबंदकी

आमची शेती सगळी मिळून अडीच एकर. त्यात आबांचा निम्मा वाटा, तात्यांचा निम्मा, आणि मधून बांध. बांध पडल्यापासून दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नाहीत, सगळं माझ्यामार्फत चालतं. तरी ट्रॅक्टर निम्म्या-निम्म्या पैशात घ्यायचा, एवढं कसं कोण जाणे ठरलं. मी कोल्हापुरात नोकरीला, म्हणजे 'शिकल्याला', म्हणून कुठला घ्यायचा ते माझ्या गळ्यात आलं.

आबा महिंद्रावाले. 'वाले' म्हणजे कसं, की आपल्याकडं कोल्हापूरच्या फुटबॉलात माणूस पाटाकडील संघवाला असतो नाहीतर शिवाजीवाला. शाहू स्टेडियमवर खेळ कुणाचा बरा झाला हे विचारणारा बाहेरगावचा समजावा. तसं. तात्या स्वराजवाले.

"त्याला सांग," आबा म्हणाले, "आमची कंपनी १९६३ पास्नं ट्रॅक्टर करतीया. ह्येचा स्वराज तवा जन्माला बी नव्हता."

तात्या तीन हातांवर बसलेले. "त्यास्नी सांग, १९७४ ला आला, पर डिझाईन सगळं आपल्या देशातलं. अमेरिकेचं बोट धरून चालाय शिकला न्हाई."

मी म्हणालो, अडीच एकराला ट्रॅक्टर कशाला, भाड्यानं नांगरून घेऊ, उरल्या पैशात ठिबक करू. आईनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली. ठिबकचं नाव आबांना चालत नाही. सरीतनं पाणी पळताना दिसलं पाहिजे, नाहीतर उसाला पाजलं हे कळायचं कसं? ड्रोननं फवारणी म्हटलं तर "आन् शेतकरी बांधावर बसून काय टाळ्या वाजीवनार?" पण ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग पाहिजेच. आधुनिक शेतीला आबांचा विरोध आहे असं कुणी म्हणू नये. ती बसायची असली की त्यांना चालते.

आठवडाभर हेच. खोडवा काढलेलं रान तसंच पडलेलं. शेवटी एका रात्री मोबाईलवर शोधलं आणि झोपच उडाली. २००७ सालीच महिंद्रानं स्वराजची कंपनी विकत घेतलेली! सतरा पिढ्यांचं वैर मिटवल्याच्या तोऱ्यात मी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं, "भांडताय कशाला? दोन्हीचा मालक एकच हाय."

दोघं गप्प. तात्यांनी बशी खाली ठेवली आणि किती वर्षांनी कोण जाणे, सरळ आबांकडं बघून बोलले, "दादा, पोरगं शिकलं, पर येडंच ऱ्हायलं. बा एक हाय म्हनून आपन दोघं सारखं हाय व्हय?"

"छ्या!" आबा म्हणाले. "अजाबात न्हाई."

मग दोघं मिळून माझ्याकडं बघायला लागले.