एक डेसिबल

आमच्या हॉलची लांबी बारा फूट. त्यात सोफा, शोकेस, आईचं देवघर आणि दोन महिने ठाण मांडून बसलेला माझा प्रश्न: होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा, डेनॉनचा घ्यावा की यामाहाचा?

डेनॉन ८० वॅटचा, यामाहा १०० वॅटचा. एकात ऑडिसी, दुसऱ्यात वायपाओ. या दोन्ही यंत्रणा माइक लावून खोलीचं माप घेतात आणि त्याप्रमाणे आवाज बसवतात. डोक्यावरूनही आवाज आल्याचा भास देणारं अ‍ॅटमॉस आणि टीव्हीचा आवाज एका वायरीने आणणारं ई-आर्क दोन्हीकडे. मी एक्सेलमध्ये तक्ता केला, त्याला रंग दिले. बायको म्हणाली, "फ्लॅट घेताना एवढं बघितलं असतंस, तर बाथरूमला खिडकी असती."

त्यात तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एका दुकानदाराने तिसराच डबा पुढे केला. १५० वॅट, आणि या दोन्हींपेक्षा स्वस्त! तक्त्यात नवा रकाना आला.

खालच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते जिन्यात भेटले आणि माझ्या हातातलं माहितीपत्रक काढून घेऊन त्यांनी आधी तळाचा बारीक मजकूर वाचला. पुण्यात छापील गोष्ट वाचायची ही रीतच आहे.

"हे १५० वॅट एकच चॅनेल, म्हणजे एकच स्पीकर चालवून मोजलेत. तेही स्पीकरचा रोध ६ ओहम धरून, १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज फाटवून. एका पाहुण्याला वाढून बघितलं म्हणजे पंगत उठते का?"

"आणि हे दोन?"

"हे ८ ओहमवर, दोन चॅनेल चालवून, वीस हर्ट्झपासून वीस हजारपर्यंत, म्हणजे कानाला ऐकू येतं तेवढ्या सगळ्या पट्ट्यात. ही माणसं बरी दिसतात."

"पण ८० आणि १०० मध्ये फरक किती पडेल?"

"एक डेसिबल. तोही जेमतेम. वॅट दुप्पट केलेस तरी तीनच वाढतात. तू कितव्या मजल्यावर राहतोस?"

"दुसऱ्या."

"मी पहिल्या. म्हणजे तो एकही तू लावणार नाहीस."

दोन महिन्यांचा तक्ता जिन्यातच निकालात निघाला. शेवटी डेनॉन घेतला. कारण विचाराल, तर त्याच्या खोक्यात माइक उभा करायला पुठ्ठ्याचा घडीचा स्टँड होता. यामाहाला गुण जास्त होते, पण त्या पुठ्ठ्यावर माझा जीव जडला.

खरी परीक्षा पुढे. माप घेताना खोली शांत हवी. सकाळी कुकर, मग भंगारवाला, संध्याकाळी नदीपात्रातल्या ढोल पथकाचा सराव. दर वेळी यंत्र कुरकुरायचं की आजूबाजूला गोंगाट फार आहे. अख्ख्या पुण्यात शांतता दुपारी एक ते चार, आणि तेव्हा आवाज करणाऱ्याला इथे क्षमा नाही.

तरी रविवारी दोन वाजता धीर केला. माइक आठ ठिकाणी ठेवायचा, प्रत्येक ठिकाणी सहाही स्पीकर आळीपाळीने "टुईंऽऽप" करणार. सबवूफरच्या टुईंपला देवघरातली घंटी आपोआप वाजली. सातवं ठिकाण उरकलं आणि दारावरची बेल वाजली.

काका. बनियनवर, डोळे लाल.

"कितवं चाललंय?"

"आठवं. शेवटचंच, काका."

त्यांनी आत येऊन पुठ्ठ्याच्या स्टँडकडे पाहिलं, माइकची वायर किती लांब आहे ते हाताने जोखलं आणि म्हणाले,

"हे खिडकीतून खाली सोड. आठवं माप माझ्या बेडरूममध्ये घे. सगळ्यात स्पष्ट तिथेच ऐकू येतंय."